कट्ट्यामागे अर्धा किलो

२०२० च्या दिवाळीच्या तोंडावर मानवतच्या मोंढ्यात एका शेतकऱ्याच्या पट्टीवर मी ८ क्विंटल ६२ किलोच्या जागी ८ क्विंटल २६ किलो लिहिलं. दिवसभरात शंभरावर पट्ट्या झाल्या होत्या, रात्रीचे साडेदहा वाजले होते, लाईट दोनदा जाऊन आली होती. ही कारणं मी आज सांगतोय. त्या माणसाला ती कुणी सांगितली नव्हती. तो पैसे मोजून घेऊन पाथरी तालुक्यातल्या आपल्या गावी गेला. घरी त्याच्या मुलीनं मापाड्याची चिठ्ठी आणि माझी पट्टी शेजारी ठेवून पाहिली. तिसऱ्या दिवशी तो परत आला, दुकानाच्या पायरीशी चपला काढल्या आणि म्हणाला, "मुनीमजी, रागावू नका, पण काई चुकलं असंल तर बगा जरा."

छत्तीस किलो. त्या दिवशीच्या ४,००० च्या भावानं १,४४० रुपये. मी जागेवर दिले, हात जोडले, चहा पाजला. पण त्याचं ते "रागावू नका" माझ्या डोक्यातून गेलं नाही. चूक माझी, एसटीचं भाडं त्याचं, दिवस त्याचा मोडला, आणि माफीच्या सुरात बोलत होता तोच. माझ्या हातून आधी अशा किती चुका झाल्या असतील, ज्यांच्या घरी ताळा करायला शिकलेली मुलगी नव्हती?

मी १९९० पासून आडत दुकानात मुनीम आहे. वडीलही याच मोंढ्यात मुनीम होते. पट्टी हे आमचं मुख्य काम. किती कट्टे आले, काट्यावर किती भरले, निव्वळ वजन किती, भाव काय निघाला, हमाली-तोलाई किती, आधीची उचल असेल तर ती किती, आणि शेवटी हातात किती पडणार, हे सगळं त्या एका कागदावर असतं. चार महिने राबून शेतकऱ्याला आपल्या पिकाबद्दल लेखी जे मिळतं ते एवढंच. त्यामुळे पट्टी चुकणं ही साधी बेरजेची चूक मी कधीच मानली नाही.

संगणक मला अगदीच नवा नव्हता. महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं एमएस-सीआयटी सुरू केलं २००१ च्या सुमारास. मी ते २००६ मध्ये परभणीला जाऊन केलं, तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. त्या जोरावर दुकानाचे मोठे हिशोब टॅलीत ठेवत होतो. पट्टी मात्र हातानंच चालायची. शेठजींनी मध्ये एक तयार सॉफ्टवेअर बाहेरून विकत आणलं होतं. त्यात उचल वळती करायची सोय नव्हती, दोन भावांच्या नावानं एक माल आला तर ते अडायचं. कंपनीला फोन केला की पुढच्या वेळी बघू म्हणायचे. एका हंगामात ते बंद पडलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाजार बंद होता. माझी भाची नांदेडला इंजिनिअरिंगला होती, ती गंगाखेडला घरी आली होती. मी तिला फोन करून म्हटलं, मला पट्टी करणारा प्रोग्रॅम करून दे. ती म्हणाली, "मामा, करून देईन. पण पट्टीचे नियम तुम्हालाच ठावे. मी शंभरदा विचारणार, तुम्ही शंभरदा सांगणार. त्याच्यापेक्षा तुम्हीच शिका ना." मला वाटलं पोरगी टाळायली. मी त्रेपन्न वर्षांचा, बी.कॉम., तेही मराठी माध्यमातून. पण ती टाळत नव्हती. महिन्याभरानं तिचा जुना लॅपटॉप माझ्या घरी आला, आणि रोज रात्री नऊ ते दहा ही वेळ तिनं माझ्या नावावर लिहून दिली.

तिनं मला पायथन शिकवायला घेतली. गिडो व्हॅन रॉसम नावाच्या डच माणसानं ही भाषा १९९१ मध्ये लोकांपुढं ठेवली. मी मोंढ्यात लागलो त्याच्या पुढच्याच वर्षी. इंग्रजीची धास्ती होती, ती पहिल्याच आठवड्यात कमी झाली. या भाषेचे स्वतःचे राखीव शब्द सगळे मिळून ३५. इफ, एल्स, फॉर, व्हाइल असे मला रोज लागणारे दहासुद्धा नाहीत. बाकी नावं आपण ठेवायची, आणि ती चक्क मराठीत ठेवता येतात. वजन, भाव, हमाली, उचल. हे भाचीलाही ठाऊक नव्हतं; आम्ही दोघांनी मिळून करून पाहिलं आणि चाललं, तेव्हा मला आनंद झाला. आकड्यांचं थोडं वेगळं आहे. प्रोग्रॅमच्या आत २५ हा आकडा देवनागरीत लिहिला तर तो चालत नाही. पण प्रोग्रॅम चालू असताना त्यानं वजन विचारलं आणि मी देवनागरीत २५ टाइप केलं, तर पूर्णांकात रूपांतर करताना तो ते बिनतक्रार घेतो.

मराठी नावांनी एक जुना हिशोबही चुकता करायला लावला. एके रात्री तासभर प्रोग्रॅम चालेना. म्हणे, हे नाव मला माहीत नाही. मी नाव दहादा वाचलं. शेवटी भाचीनं पकडलं: वर मी "एकूण" लिहिलं होतं आणि खाली "एकुण". ऱ्हस्व आणि दीर्घ. शाळेत आमचे गुरुजी यासाठी छडी मारायचे आणि मला वाटायचं, वाचणाऱ्याला कळतंय ना, मग काय बिघडलं? इथं वाचणाऱ्याला कळत नव्हतं. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं होती.

मला सगळ्यात जास्त अडवलं ते एका ओळीनं: एकूण बरोबर एकूण अधिक वजन. बेचाळीस बरोबर बेचाळीस अधिक दहा कसं होईल? तीन दिवस हे गळी उतरलं नाही. भाची डबे काढून दाखवायची, बाण काढायची. चौथ्या दिवशी दुकानात जुनी खतावणी चाळत होतो. पानाच्या तळाशी बेरीज, आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर तीच रक्कम, शेजारी लिहिलेलं: मागील पानावरून. तिथंच उभ्या उभ्या समजलं. बरोबरचं चिन्ह इथं तराजूची दांडी नाहीच. ते "मागील पानावरून पुढे" आहे. जुनी बाकी उचलायची, आजचं वजन तिच्यात मिळवायचं, आणि त्याच नावावर पुन्हा मांडायची. एकतीस वर्षं मी रोज हेच करत होतो.

ओळी आत सरकवण्याचा नियम मात्र मला कधीच जड गेला नाही. पायथनमध्ये एखाद्या अटीखाली जे काम येतं त्याच्या ओळी डावीकडून थोड्या आत घ्याव्या लागतात. एक ओळ चुकून बाहेर राहिली तर ती अटीबाहेर गेली. जुन्या लाल वह्यांना आम्ही सळ पाडायचो. कोरं पान घडी घालून उलगडायचं, घडीच्या रेघेवरून रकाने धरायचे. नाव पहिल्या सळीला, तपशील दुसऱ्या सळीला. तपशील नावाच्या सळीला आला तर वडील पान पुन्हा लिहायला लावायचे.

असंच मोजणीचं. मापाडी वजनं पुकारतो तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नाही, "लाभ" म्हणतो. लाभ, दोन, तीन. पायथनमध्ये यादीतली पहिली वस्तू शून्यावर असते, दुसरी एकावर. नव्यानं शिकणारे इथं चुकतात असं भाची म्हणाली. मी चुकलो नाही. मोजणीचं पहिलं घर वेगळं असतं हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

वयाचं जे खरं आहे तेही सांगितलं पाहिजे. काल समजलेलं आज आठवत नसे. भाचीच्या बोटांना जे एका आठवड्यात बसलं असेल त्याला मला महिना लागला. म्हणून मी एक वही घातली: तारीख, काय चुकलं, यंत्र काय म्हणालं, मी काय केलं. रोज दुकानात जाण्याआधी मागची दोन पानं वाचायची. तीच चूक तिसऱ्यांदा झाली की तिच्याखाली लाल रेघ. पहिल्या तीन महिन्यांत ११४ पानं भरली. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, तेव्हा पहाटे पाचला उठून करायचो. बायको म्हणायची, परीक्षा कधी हाय? भाचीनं एकदा जपानच्या मासाको वाकामिया यांच्याबद्दल सांगितलं. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या बाई. २०१७ साली, ८१ व्या वर्षी, त्यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी मोबाईलवरचा एक खेळ स्वतः प्रोग्रॅम लिहून तयार केला. बँकेतल्या बाई म्हटल्यावर मला त्या आपल्या वाटल्या.

आता २६ आणि ६२ ची गोष्ट. माझा पहिला नेम तोच होता. मापाड्याच्या चिठ्ठीवरचं एकेका कट्ट्याचं वजन मी टाकणार, शेवटी मापाड्यानं काढलेली बेरीज टाकणार, आणि प्रोग्रॅमची बेरीज त्याच्याशी जुळली तरच पट्टी निघणार. ऑगस्टमध्ये ते लिहून झालं. जुन्या चिठ्ठ्या घेऊन तपासायला बसलो. मी वजनं क्विंटलमध्ये, दशांश चिन्ह देऊन टाकत होतो. पहिली चिठ्ठी जुळली, दुसरी जुळली, तिसरीला प्रोग्रॅम म्हणाला: जुळत नाही. मी हातानं बेरीज केली. जुळत होती. कॅल्क्युलेटरवर केली. जुळत होती. रात्रीचे दोन वाजले. आजवर माझ्या बेरजेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि हे यंत्र ठाम होतं.

सकाळी भाची म्हणाली, त्याला ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगा. सांगितलं. उत्तर आलं ०.३, पण तीनच्या पुढं पंधरा शून्यं आणि शेवटी एक ४. ती समजावू लागली की यंत्र दोनाच्याच हिशोबात मोजतं. त्याला अर्धा येतो, पाव येतो, अर्धपाव येतो, त्याचा अर्धा येतो. एक दशांश या तुकड्यांनी कितीही जोडला तरी नेमका बनत नाही, किंचित कमी-जास्त राहतोच. ती पुढं काही सांगणार तोच मी म्हणालो, "हाली आणि कलदार."

तिला कळेना. तिच्या पिढीला ते ठाऊक असायचं कारण नाही. आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचं नाणं वेगळं होतं, हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली. शंभर कलदारांचे हाली करायचे तर ११६ रुपये १० आणे ८ पै. हा आकडा वडिलांच्या तोंडावर असायचा, मला तो त्यांच्याकडूनच पाठ आहे. १९४८ मध्ये निजामी संपली तरी हाली नाणं लगेच गेलं नाही, १९५९ पर्यंत रेंगाळलं. आणि त्याच दिवसांत, १ एप्रिल १९५७ ला, आणे-पै जाऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वडील तेव्हा नुकते कामाला लागलेले. ते सांगायचे, जुन्या मुनिमांना नव्या पैशांचा राग यायचा आणि त्याला कारण होतं. जुन्या रुपयात १६ आणे, एका आण्यात १२ पै, म्हणजे रुपयात १९२ पै. याचे तीन वाटे करा: ५ आणे ४ पै. नेमके, काही उरत नाही. नव्या रुपयाचे तीन वाटे करा: ३३, ३३, ३३, आणि एक पैसा हातात. रुपया तोच, वाटणारा तोच. नाणं ज्या तुकड्यांचं बनलंय त्यात तो वाटा मावत नाही, एवढंच.

यंत्राला पावकी-निमकी येते, दशांश येत नाही, हे मला असं समजलं. मग उपाय सांगायला भाचीची गरज पडली नाही. लहानात लहान तुकडा धरायचा आणि सगळं त्यातच मोजायचं, म्हणजे तोडायची वेळच येत नाही. मी क्विंटल सोडले, वजनं ग्रॅममध्ये घेतली आणि रकमा पैशांत. सगळे पूर्ण आकडे. चिठ्ठ्या एकामागून एक जुळत गेल्या.

पुढं वाचनात आलं की हिशोबाच्या कामासाठीच कोबोल नावाची एक संगणकभाषा अमेरिकेत आखली गेली ती १९५९ मध्ये, आमचा हाली सिक्का गेला त्या साली. तिचा पाया ज्यांच्या कामावर रचला त्या ग्रेस हॉपर तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. त्या मोठ्या गणिती, त्यांची माझी तुलना नाही. पण त्या भाषेत रकमा दशांशातच नेमक्या ठेवायची सोय होती हे वाचून बरं वाटलं. हिशोबवाल्यांची अडचण कुणीतरी तेव्हाच ओळखली होती.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी मूळ पट्टी लिहायला बसलो. भाव गुणिले वजन सोपं. हमाली, तोलाई सोपी. मग आला बारदाना, म्हणजे रिकाम्या कट्ट्याचं वजन. मी ओळ लिहिली: कट्ट्यामागे अर्धा किलो वजा. भाची वाचून म्हणाली, "मामा, अर्धाच कामून?"

मी म्हटलं, तसाच असतो.

"पण कट्टा केवढ्याचा भरतो?"

आणि मला उत्तर देता आलं नाही. मी लागलो तेव्हा माल तागाच्या पोत्यात यायचा. शंभर किलोचं मोठं तागाचं पोतं स्वतःच किलोभर भरायचं, म्हणून पोत्यामागे एक किलो वजा. तो न्याय होता. पुढं पन्नास-साठ किलोचे छोटे कट्टे आले, तेव्हा एकाचा अर्धा झाला, तेही ठीक. मग हळूहळू ताग गेला आणि प्लॅस्टिकचे कट्टे आले. केव्हा आले, हे मला सांगता येणार नाही. अर्धा किलो मात्र तसाच राहिला. मी रोज तो कापत होतो, आणि एकदाही रिकामा कट्टा उचलून हातात तोलून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी गेलो. कोपऱ्यातले दहा रिकामे प्लॅस्टिकचे कट्टे घेतले, झटकले, घडी घालून काट्यावर ठेवले. १ किलो २०० ग्रॅम. दहाचे. आम्ही दहाचे पाच किलो कापत होतो. पाच हजारांच्या भावानं हा फरक दहा कट्ट्यांमागे १९० रुपये होतो. मी ते कट्टे काट्यावरून उतरवले आणि पुन्हा ठेवले, आकडा तोच आला. त्या रिकाम्या दुकानात मला पाथरीचा तो शेतकरी आठवला. त्याचे १,४४० मी परत दिले होते. त्याच्याच पट्टीवर बारदान्याचं कापलेलं मी त्या दिवशीही कापलेलंच ठेवलं होतं, आणि ते चुकलंय हे मला ठाऊकही नव्हतं.

हे शेठजींच्या कपटानं झालं असं मी म्हणणार नाही. त्यांनी कधी कट्टा तोलला नव्हता, मी तोलला नव्हता, त्यांच्या वडिलांच्या वेळचा तो दंडक होता. हातानं पट्टी करताना हात सवयीनं चालतो; बारदाना वजा करताना मनात प्रश्न उठत नाही. प्रोग्रॅमला मात्र सवय नसते. त्याला तागाचं असेल तर किती, प्लॅस्टिकचं असेल तर किती, हे शब्दात सांगावं लागतं, आणि सांगायला गेलं की आपल्याला स्वतःला ते माहीत आहे का, हे उघडं पडतं. माझ्या भाचीनं हा प्रोग्रॅम परस्पर लिहून दिला असता तर तिनं मला विचारलं असतं, बारदाना किती? मी अर्धा किलो म्हणालो असतो, तिनं तेवढं लिहिलं असतं आणि ती चूक छापील झाली असती.

शेठजींसमोर कागद ठेवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळा मोंढा हेच करतो, मुनीमजी." मी म्हटलं, होय. ते म्हणाले, आपण एकट्यानं बदललं तर बाकीचे काय म्हणतील? मी म्हटलं, बदलू नका, निदान पट्टीवर लिहू द्या. आत्तापर्यंत आम्ही काट्याचं वजन आणि निव्वळ वजन दोनच आकडे लिहायचो, बारदाना मधल्या मध्ये जायचा. आता ती एक वेगळी ओळ छापायची: बारदाना, इतके कट्टे, प्रत्येकी ५०० ग्रॅम, एकूण इतके वजा. त्याला ते तयार झाले. शेठजींना मी तेव्हा बत्तीस वर्षं ओळखत होतो. लिहिलेलं त्यांना नाकारवत नाही.

ती पट्टी मराठीत छापायलाही महिना गेला. गावांची नावं टाकली की रकाने वाकडे व्हायचे. यंत्राला विचारलं, परभणी किती अक्षरांचं? म्हणे पाच. जिंतूर? सहा. आपण जिंतूर तीन अक्षरांत म्हणतो. त्यानं ज, पहिली वेलांटी, अनुस्वार, त, दुसरा उकार आणि र असे सुटे सुटे मोजले होते. युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी तशीच आहे, आणि तिला कारणं आहेत. पण माझे रकाने त्यानं मोडले. शेवटी वेलांट्या-मात्रा-अनुस्वार सोडून मोजणारं एक छोटं काम मी स्वतः लिहिलं, कुणाला न विचारता. सेलू, पाथरी, सोनपेठ, पालम अशी गावं एकाखाली एक टाकून पाहिली. जोडाक्षर आलं की अजून थोडं हलतं, पण पट्टी वाचता येते.

२०२२ च्या दसऱ्यानंतर पहिली छापील पट्टी निघाली. पहिल्या आठवड्यात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका म्हाताऱ्यानं पट्टी डोळ्यांजवळ नेली, बोट फिरवत फिरवत त्या ओळीवर आला आणि थांबला. "पाचशे ग्राम? ह्या कट्ट्याचे?" त्यानं शेजारचा रिकामा कट्टा उचलला आणि दोन बोटांत धरून हलवला. काही बोलला नाही, तसाच शेठजींकडं पाहत राहिला. शेठजींनी मान खाली घातली. त्या हंगामात असं पुष्कळदा झालं. पुढच्या हंगामात, २०२३ मध्ये, शेठजींनी स्वतः येऊन मला सांगितलं, प्लॅस्टिकला दोनशे करा. खरं वजन एकशेवीस भरतं, दोनशेचा मला अजूनही सल आहे. पण माझ्या प्रोग्रॅममध्ये तो आकडा वर, पहिल्याच ओळीत, एकटा लिहिलेला आहे. तो बदलायला एक मिनिट पुरेल.

आणि २६-६२? दोन हंगामांत प्रोग्रॅमनं मला एकोणीस वेळा "जुळत नाही" म्हणून थांबवलं. अकरा वेळा चूक माझी होती, आठ वेळा चिठ्ठीची. ती एकोणीस नावंही माझ्या वहीत आहेत.

२०२४ च्या दिवाळीनंतर तीन भाऊ आले. शेती एकत्र, चुली वेगळ्या. मालाचे तीन सारखे वाटे करून तीन पट्ट्या पाहिजेत म्हणाले. मी ती सोय नुकतीच लिहिली होती. रक्कम आली ७१,२४३ रुपये. पूर्ण रुपयांत तीन वाटे २३,७४७ चे, आणि दोन रुपये उरले. प्रोग्रॅममध्ये मी लिहून ठेवलं होतं की उरलेलं पहिल्या नावाला जावं. कुठंतरी जायला हवं म्हणून लिहिलं होतं, त्याच्यामागं काही विचार नव्हता. पहिलं नाव थोरल्याचं. छापायचं बटण दाबायच्या आधी माझं बोट थांबलं. बारदानाही मी असाच, विचार न करता कापत आलो होतो.

मी विचारलं, "वरचे दोन रुपये कुणाला टाकू?"

थोरला म्हणाला, "धाकल्याला टाका. त्यो एसटीनं आलाय."

त्यांची पट्टी दिली आणि ते गेल्यावर मी ती ओळ खोडली. आता वाटणी नीट बसली नाही की प्रोग्रॅम थांबतो, पडद्यावर मराठीत विचारतो, "उरलेले कुणाला?", आणि उत्तर टाकेपर्यंत पुढं जात नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावचे तीन भाऊ आले. एक रुपया उरला होता. ते तिघंही बराच वेळ एकमेकांकडं पाहत उभे राहिले, आणि मी कीबोर्डवरचा हात काढून घेऊन वाट पाहत बसलो.